पाणथळ जागांमधल्या सोप्या वाटा: सगळ्यांना जमेल अशी भटकंती कशी ओळखायची?

निळी_टाचणी

नमस्कार मंडळी. डोंगरातल्या आणि जंगलातल्या वाटांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं, पण तळ्याकाठच्या, दलदलीतल्या, कांदळवनातल्या, खाडीच्या कडेच्या सपाट वाटांबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मला तर वाटतं ज्याला चालायला त्रास आहे, जो व्हीलचेअरवर आहे, ज्याचं वय झालंय किंवा ज्याच्या कडेवर लहान मूल आहे त्याच्यासाठी निसर्गात जायला याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. कारण साधं आहे, पाणी साचतं तेच मुळात सपाट जागी, त्यामुळे चढ-उताराचा प्रश्न बऱ्याच ठिकाणी सुरुवातीलाच सुटलेला असतो, आणि दुसरं म्हणजे इथे बघण्यासारखं सगळं काठावरच असतं. जंगलात चार तास चालून एखादं हरीण दिसतं न दिसतं, पाणथळीत पहिल्या शंभर पावलांत बगळा, पाणकावळा, वारकरी नावाचा काळा पाणपक्षी, चतुर आणि टाचण्या हे पंखवाले किडे, हे सगळं समोर.

अडचण एकच आहे, माहिती. पाटीवर किंवा नकाशावर नुसतं "सोपी वाट" लिहिलेलं असतं. सोपी म्हणजे कुणाला सोपी? धडधाकट माणसाने लिहिलेलं "सोपी" हे कुबड्या घेऊन चालणाऱ्याच्या काही उपयोगाचं नाही. माझ्या मते "सोपी" हा शेरा देण्यापेक्षा वाट कशी आहे तेवढं सांगावं, म्हणजे जमिनीचा प्रकार, रुंदी, सगळ्यात जास्त चढ कुठे आणि किती, दोन बाकांमधलं अंतर, मधूनच परत फिरता येतं का, स्वच्छतागृह कुठे. बाकी ज्याचं त्याने ठरवावं.

तर ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा प्लीज, वाट निवडताना काय बघता, काय विचारता, आणि तिथे गेल्यावर काय केलं की जास्त आनंद मिळतो.

पाणकणीस

मस्त धागा! एक बेसिक प्रश्न, पाणथळ म्हणजे नक्की काय काय धरायचं? नदीचा काठ चालेल? धरणाचं बॅकवॉटर?

काठावरचा

@पाणकणीस सगळं चालेल. १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारीला जो करार झाला त्यात व्याख्या बरीच मोकळी ठेवलीय, नैसर्गिक असो की माणसाने केलेली, कायमची असो की हंगामी, पाणी वाहतं असो की साचलेलं, गोडं असो की खारं, आणि समुद्राच्या बाजूला ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेला भागसुद्धा त्यात येतो. म्हणजे तलाव, दलदल, भातखाचरं, मिठागरं, कांदळवन, खाडीचा चिखल, सगळंच. म्हणूनच २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिवस असतो.

चालायच्या दृष्टीने बघितलं तर मात्र चारच प्रकार पडतात. एक, तलावाच्या किंवा मिठागराच्या बांधावरची वाट. दोन, पाण्यावर किंवा चिखलावर खांब रोवून केलेली फळ्यांची वाट, म्हणजे बोर्डवॉक. तीन, पाण्याच्या कडेने जाणारा डांबरी किंवा दाबलेल्या बारीक खडीचा रस्ता. आणि चार, नुसती पायवाट, जी पावसानंतर चिखल होते. पहिले तीन या धाग्यासाठी, चौथी सोडून द्या.

चाकांवरून

मी व्हीलचेअर वापरतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी पृष्ठभाग. घट्ट आणि न हलणारा, हे दोनच शब्द लक्षात ठेवा. डांबर छान, काँक्रीट छान, दाबून बसवलेली दगडाची बारीक भुकटी पण छान चालते, फळ्या छान. सुटी खडी आणि वाळू अजिबात नाही. लोकांना वाटतं की खडी टाकली म्हणजे वाट पक्की झाली पण व्हीलचेअरची पुढची दोन छोटी चाकं सुट्या खडीत रुततात आणि खुर्ची एकदम थांबते, वेगात असेल तर माणूस पुढे फेकला जातो. थोडाच पट्टा खराब असेल तर सोबतच्या माणसाने खुर्ची मागे कलवून, छोटी चाकं उचलून, उलटी ओढत न्यायची, मोठी चाकं आधी गेली की बरंच सोपं होतं. खुर्चीला पुढे जोडायचं एक मोठं तिसरं चाक पण मिळतं जे छोट्या चाकांना जमिनीवरून उचलून धरतं, ज्यांना नेहमी बाहेर फिरायचंय त्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

रुंदी. नव्वद सेंटिमीटर म्हणजे एक खुर्ची कशीबशी जाते आणि समोरून कोणी आलं की कोंडी. दोन खुर्च्या एकमेकांशेजारून जायला दीडशे ते एकशे ऐंशी सेंटिमीटर लागतात. आख्खी वाट तेवढी रुंद नसली तरी चालतं पण मधे मधे रुंद जागा हव्यात. आणि वाट जिथे संपते तिथे वळायला जागा हवी, साधारण दीड मीटर बाय दीड मीटर. हे कितीतरी ठिकाणी विसरलेलं असतं, सुंदर फळ्यांची वाट, टोकाला पाण्यात घुसलेली निमुळती जागा, आणि मग तिथून शंभर मीटर उलटं मागे यायचं.

चढ. बाराला एक, म्हणजे बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची, ही रॅम्पची वरची मर्यादा धरतात आणि हाताने खुर्ची चालवणाऱ्याला तेवढा चढसुद्धा दमवतो. वीसाला एक असेल तर आरामात जमतं. पण पुढच्या चढापेक्षा मला जास्त त्रास आडव्या उताराचा होतो, म्हणजे वाट एका बाजूला कललेली असते तो. बांधावरच्या वाटा पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम कललेल्या असतात, शेकडा दोनपर्यंत ठीक, त्याच्यापुढे खुर्ची सारखी खालच्या बाजूला ओढली जाते आणि एकाच हाताने जोर लावून लावून खांदा भरून येतो. फोटोत हे कधीच दिसत नाही. म्हणून फोन करून विचाराल तेव्हा "चढ आहे का" याच्यासोबत "वाट एका बाजूला कललीये का" हेही विचारा.

फळ्यांच्या वाटेवर फळ्या आडव्या बसवलेल्या हव्यात, म्हणजे चालण्याच्या दिशेला काटकोनात. फळ्यांमधली फट चालण्याच्या दिशेने असली तर चाक, काठीचं टोक, कुबडी सगळं त्यात अडकू शकतं. फट साधारण तेरा मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आणि कडेला दहा सेंटिमीटरची तरी उभी पट्टी हवी, चाक घसरून पाण्यात जाऊ नये म्हणून.

राहिला कठडा. कठडा हवाच, पण त्याची वरची आडवी दांडी बऱ्याचदा बरोबर बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर येते. उभा माणूस तिच्यावर कोपर टेकून मजेत पक्षी बघतो आणि मी तासभर लाकूड बघतो. निदान दोन-चार ठिकाणी तरी कठड्यात खालची मोकळी जागा किंवा बारीक जाळी ठेवली तर किती फरक पडेल. पक्षी बघायच्या हाइडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या खोपटात, पण तेच, एक तरी खिडकी खाली हवी, आणि तिच्याखाली गुडघे जातील अशी जागा हवी, आणि तिथे कायमचा ठोकलेला बाक नको.

निळी_टाचणी

@चाकांवरून लांबलं वगैरे काही नाही, हेच हवं होतं. आडव्या उताराचं तर मला माहीतच नव्हतं.

गुडघेदुखी

दोन्ही गुडघ्यांत संधिवात. मला व्हीलचेअर लागत नाही, पण सलग फार चालवत नाही आणि नुसतं उभं राहणं तर त्याहून कठीण. माझ्यासाठी सगळी वाट बाकांवर ठरते. एकूण वाट तीन किलोमीटर असली तरी मला फरक पडत नाही, पण दोनशे-दोनशे मीटरवर बसायला हवं. आणि बाक म्हणजे नुसता दगडाचा ओटा नको, पाठ टेकायला आणि मुख्य म्हणजे हात टेकून उठायला दोन्ही बाजूंना हात हवेत. फार खालचा बाक पण नको, बसताना बरं वाटतं, उठताना कुणाला तरी हाक मारावी लागते.

बाकाचा अजून एक फायदा सांगते जो तरुण मंडळींना पटत नाही. पाणथळीत बसणाऱ्याला चालणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं. आपण आलो की काठावरचे पक्षी थोडे लांब सरकतात, टिबुकली बुडी मारते, बेडूक गप्प होतात. पंधरा-वीस मिनिटं न हलता बसलं की सगळं हळूहळू परत सुरू होतं. आमच्या ग्रुपमधले झपाझप पुढे जाऊन येतात आणि विचारतात काय बघितलंस, तर पाणकणसाच्या उंच पात्यांतून बाहेर आलेली लाजरी पाणकोंबडी मलाच दिसलेली असते. त्यामुळे कमी चालता येतं म्हणून पाणथळीत जाऊन काय करणार असं ज्यांना वाटतं त्यांनी हा विचार डोक्यातून काढून टाका.

पाणकणीस

काकू दुर्बीण कोणती वापरता? माझ्या बाबांचा हात थोडा थरथरतो, त्यांना घेऊन जायचंय.

गुडघेदुखी

माझी ८ बाय ४२ आहे, म्हणजे आठपट मोठं करणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. दहापट मोठं करणारी घेतली की हाताची थरथर पण दहापट होते, आठपटीत चित्र जास्त स्थिर राहतं, शिवाय दिसणारा परिसर मोठा असतो त्यामुळे पक्षी पटकन सापडतो. बाबांना एकपायी स्टँड द्या, बाकावर बसून तो दोन पायांच्या मधे टेकवायचा आणि दुर्बीण त्यावर. फार जड नको, मानेला पट्टा लावण्यापेक्षा खांद्यावरून जाणारा क्रॉस पट्टा घ्या म्हणजे मान दुखत नाही.

काठावरचा

यात भर घालतो. ज्यांना दुर्बीण धरणंच जमत नाही त्यांच्यासाठी तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, उत्तम, पण डोळा लावायची नळी तिरकी असलेला घ्या. सरळ नळीच्या स्कोपला प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे तिपाई वरखाली करावी लागते, तिरक्याला स्कोप खाली लावून ठेवला की बसलेला, उभा, लहान मूल, सगळे थोडं वाकून बघू शकतात. एकदा पक्ष्यावर लावून दिला की बाबांना काही धरायचंच नाही.

आता वेळेबद्दल. सूर्य पाठीशी येईल अशी वाट निवडा, म्हणजे सकाळी गेलात तर पाणी तुमच्या पश्चिमेला हवं. उलट असेल तर पाण्यावरची चमक डोळ्यांत जाते आणि सगळे पक्षी काळे ठिपके दिसतात. अर्ध्या वाटेवरून परत फिरायचं असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण सगळीकडे फिरून बघण्याइतकं चालायचं नाहीये तर आपला तो एक तुकडा तरी बरोबर उजेडात असायला हवा.

खाडीकाठी जाणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका. पूर्ण ओहोटीला चिखल इतका लांबवर उघडा पडतो की तुतवार, शेकाटे, चिखल्या सगळे दूर क्षितिजावर चरत असतात, काठावरून दुर्बिणीलासुद्धा जड. भरती चढायला लागली की पाणी त्यांना ढकलत ढकलत काठाकडे आणतं, म्हणून पूर्ण भरतीच्या साधारण दोन तास आधी जाऊन एका जागी बसायचं आणि पक्ष्यांनाच आपल्याकडे येऊ द्यायचं. चालायला त्रास असलेल्या माणसासाठी याच्यासारखी गोष्ट नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या असतात आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालणार नाही.

वारकरी

सगळं वाचलं, चांगलं आहे, पण मला एक गोष्ट मांडायचीय. दलदलीच्या मधोमध अशा वाटा करणं खरंच बरोबर आहे का? मी पक्ष्यांच्या बाजूने बोलतोय. पाणथळी आधीच भराव टाकून संपत चालल्यात, जिथे माणूस पोचत नव्हता म्हणून पक्षी घरटी करत होते तिथेच आपण फळ्या टाकून गर्दी नेणार. सगळ्यांना सगळीकडे जाता आलंच पाहिजे असं नाही ना? थोडी जागा त्यांच्यासाठी पण ठेवूया.

चाकांवरून

@वारकरी तुमचा मुद्दा मला मान्य आहे पण तो अपंगांच्या वाटेच्या विरोधात वापरला जातो तेव्हा वाईट वाटतं. घरट्यांच्या जागी कोणीच जाऊ नये, मी पण जाऊ नये आणि जो चिखलातून चालू शकतो त्यानेही जाऊ नये. माझं म्हणणं एवढंच आहे की जिथे माणसांना जायची परवानगी आहे तिथे मलाही जाता यावं. एखाद्या पाणथळीत पायवाट आहे, शेकडो लोक जातात, आणि मी मागितलं की मग पक्ष्यांचा विचार येतो, असं नको.

फळीवाला

मी एका पाणथळ जागेत फळ्यांच्या वाटेच्या देखभालीत मदत करतो, त्यामुळे दोघांच्या मधे थोडं बोलतो.

वारकरी, उघड्या पायवाटेपेक्षा बांधलेली वाट बऱ्याचदा जागेला कमी त्रास देते. पायवाटेवर चिखल झाला की लोक कडेने जातात, मग तीही कड चिखल होते, मग अजून कडेने, आणि दोन फुटांची वाट बघता बघता दहा फुटांची होते. पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, असलेल्या दलदलीत तर हे फारच वाईट, कारण पीटचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे तुम्ही एका पावलात खचवलेला वीतभर थर पुन्हा साचायला दोन शतकं लागतात. कांदळवनात तसंच, तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, झाड त्यातून हवा घेतं, पाय पडला की मोडतात. फळ्यांवरून गेलं की पाय खाली पडतच नाही. आणि मातीचा भराव टाकून रस्ता केला तर पाण्याची ये-जा अडते, एक बाजू सुकते आणि दुसरी तुंबते, खांबांवरच्या वाटेखालून मात्र पाणी, मासे, बेडूक सगळे जातात.

आता गर्दीचं. पक्ष्यांना माणसाच्या असण्यापेक्षा माणूस अचानक कुठूनही येणं जास्त बिथरवतं. माणसं रोज एकाच रेषेत जात-येत असतील, तिथून बाहेर पडत नसतील, तर पक्षी त्या रेषेला सरावतात. याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या एव्हरग्लेड्स नॅशनल पार्कमधली अनहिंगा ट्रेल. जेमतेम सव्वा किलोमीटरची वाट, काही भाग पक्का आणि काही फळ्यांचा, व्हीलचेअर सगळीकडे जाते, भरपूर माणसं येतात, आणि तरीही अनहिंगा म्हणजे आपल्या तिरंदाजाचा भाऊबंद, बगळे, पाणकावळे वाटेपासून हाताच्या अंतरावर पंख वाळवत बसलेले असतात. मगरीच्या जातीतले ॲलिगेटर पण तिथेच ऊन खात पडलेले असतात, त्यामुळे अंतर मात्र ठेवायचं.

पण तुमची अर्धी बाजू बरोबरच आहे, वाट कुठून न्यायची हे महत्त्वाचं. मधोमध नको, एका कडेने हवी, म्हणजे पलीकडचा मोठा भाग शांत राहतो. बांधावरून नेली तर पाण्याच्या बाजूला झुडपांची किंवा बोरूच्या उंच गवताची आडोशाची ओळ हवी, कारण बांधावर चालणारा माणूस पक्ष्याला आभाळाच्या पार्श्वभूमीवर पूर्ण दिसतो आणि मग सगळा थवा उठतो. विणीच्या हंगामात एखादा फाटा बंद ठेवायचा, बंद म्हणजे सगळ्यांना बंद.

वारकरी

@चाकांवरून तुमचं पटलं, मी वाटेचा आणि जागेचा प्रश्न एकत्र केला होता. @फळीवाला हंगामी बंद ठेवायची कल्पना चांगली आहे, फक्त ती आधीच जाहीर व्हायला हवी, लांबून आलेल्या माणसाला गेटवर कळू नये.

दोन_पोरांची_आई

बाबागाडीवाल्यांचं पण घ्या यात, आमच्या गरजा जवळजवळ व्हीलचेअरसारख्याच असतात. मोठ्या चाकांची गाडी असेल तर दाबलेली खडी चालते, छोट्या चाकांची फक्त डांबर आणि फळ्या. फळ्यांवर खडखड आवाज होतो आणि बाळ झोपून जातं, हा बोनस.

मोठी मुलगी पाच वर्षांची आहे, तिला लांबचे पक्षी अजिबात नको असतात, दुर्बिणीत तिला काही दिसत नाही. तिला पाण्यात काय आहे ते हवं असतं. म्हणून मी वाट निवडताना पाण्याजवळ सुरक्षित खाली बसता येईल अशी जागा आहे का बघते. पाण्यात वळवळणारे किडे, पाण्यावर पळणाऱ्या पाणनिवळ्या, बेडकाची पिल्लं, गोगलगाय. चतुर आणि टाचणी ओळखायला शिकलीये, बसल्यावर पंख आडवे पसरले की चतुर, मिटून पाठीवर घेतले की बहुतेक टाचणी. त्याच्यावर एक तास सहज जातो आणि अंतर कापलेलं असतं पन्नास मीटर. कठड्याच्या दांड्यांमधलं अंतर मात्र नक्की बघा, लहान मूल सहज आरपार जाईल असे कठडे खूप ठिकाणी आहेत, अशा वाटेवर मी हात सोडतच नाही.

कान_देऊन

माझी नजर खूप कमी आहे, उजेड-अंधार आणि मोठे आकार कळतात. या विषयात आमची आठवण सहसा राहत नाही म्हणून लिहितेय.

पाणथळ ही ऐकायची जागा आहे. जंगलात आवाज झाडांत अडकतो, कुठून येतोय ते कळत नाही. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो, आणि प्रत्येकाचा वेगळा थर असतो, खाली बेडूक, त्याच्यावर बोरूतले वटवटे हे छोटे पक्षी, पाण्याच्या पातळीवर टिबुकलीची ती थरथरती हाक, वारकरी उडायच्या आधी पाण्यावर धावतात तेव्हा पावलांचा चपचप आवाज, आणि वरून बदकांच्या पंखांची शीळ. वारा बोरूतून गेला की एक आवाज, पाणकणसातून गेला की वेगळा. वाससुद्धा, ओल्या चिखलाचा तो थोडा सडका वास तिथल्या चिखलात ऑक्सिजन नसल्यामुळे येतो, तिथे कुजण्याचं काम ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू करतात. मला तो वास आला की कळतं की पाणी उतरलंय आणि चिखल उघडा आहे.

फळ्यांची वाट मला आवडते कारण पायाखाली सतत माहिती मिळते, खाली पाणी असेल तर पोकळ आवाज, जमीन आली की भरीव. चाकांवरून यांनी सांगितलेली कडेची पट्टी आम्हालाही तितकीच लागते, पांढऱ्या काठीने तिच्या आधाराने चालता येतं. जिथे वळण किंवा पायरी आहे तिथे पायाखाली वेगळा पोत हवा, आणि फळ्यांच्या कडेला गडद-फिका रंगाचा फरक असेल तर थोडी नजर असलेल्यांना फार मदत होते. माहितीचे फलक काचेच्या मागे उंचावर लावतात ते आमच्यासाठी नसतात, हाताला लागेल असा उठावाचा नकाशा, ब्रेलमधली दोन वाक्यं, पक्ष्याच्या चोचीचं हातात घेता येईल असं लाकडी मॉडेल, एवढं जरी असलं तरी पुरे. चमच्या आणि शराटी या दोन पक्ष्यांच्या चोची हाताने बघितल्या की ते दोघे चिखलात काय वेगळं करत असतील ते लगेच कळतं, एक पाणी डावी-उजवीकडे घुसळतो आणि दुसरी खोल टोचते.

सोबत येणाऱ्यांना एक विनंती, सगळं सांगत बसू नका. आवाज आला की दिशा सांगा, पक्षी काय करतोय ते सांगा, आणि मग थोडा वेळ गप्प राहा.

निळी_टाचणी

@कान_देऊन ताई, हे वाचून परवाच्या वाटेवर मी अर्धा वेळ डोळे मिटून बसेन म्हणतेय. खूप आभार.

अजून कोणी नावानिशी वाटा सांगू शकेल का? वर अनहिंगा ट्रेल आली.

काठावरचा

अनहिंगा ट्रेल आहे त्याच फ्लोरिडात कॉर्कस्क्रू स्वाम्प म्हणून ऑडुबॉन या पक्षी वाचवणाऱ्या संस्थेचं अभयारण्य आहे, तिथे जुन्या सायप्रस झाडांच्या दलदलीतून साधारण साडेतीन किलोमीटरची फळ्यांची वाट फिरते. इंग्लंडमध्ये विकन फेन, नॅशनल ट्रस्ट या जुन्या जागा जपणाऱ्या संस्थेकडे १८९९ पासून आहे, तिथेही बोरूच्या दलदलीतून फळ्यांची वाट आहे. तिथलंच स्लिमब्रिज हे पाणपक्ष्यांचं केंद्र, पक्षीतज्ज्ञ पीटर स्कॉट यांनी १९४६ मध्ये सुरू केलेलं, पाणपक्षी लोकांना जवळून बघता यावेत हा त्यांचा आग्रहच होता आणि तिथल्या वाटा आणि हाइड त्याच विचाराने केलेले आहेत.

आपल्या देशातलं म्हणाल तर राजस्थानात भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान. साधारण २९ चौरस किलोमीटर, पूर्ण सपाट, मधून डांबरी रस्ता आणि दोन्हीकडे पाणी. सायकलरिक्षा आत जातात, त्या चालवणाऱ्या मंडळींना पक्षी चांगले माहीत असतात. चित्रबलाकांची वसाहत रस्त्यावरून दिसते. ज्याला अजिबात चालवत नाही त्याने पाऊस चांगला झालेल्या वर्षी थंडीत तिथे जावं, रिक्षातून न उतरता दिवसभर पक्षी बघता येतात. पाऊस कमी झाला की पाणी कमी असतं, त्यामुळे आधी पाण्याची चौकशी करा.

फळीवाला

जायच्या आधी फोन करून विचारायच्या गोष्टी देखभालीच्या बाजूने सांगतो, कारण कागदावर वाट उत्तम असते आणि प्रत्यक्षात एक फळी निघालेली असते.

पुरानंतर किंवा मोठ्या वादळानंतर वाट तपासलीये का विचारा. पाणी चढलं की फळ्या उचकटतात, खिळे वर येतात, बाहेरून कळत नाही. वाट सावलीत आहे का विचारा, सावलीतल्या लाकडावर शेवाळं धरतं आणि ते ओलं झालं की काचेसारखं घसरतं, त्यामुळे दव असताना पहाटे न जाता ऊन येऊन लाकूड सुकल्यावर जा. चांगल्या ठिकाणी फळ्यांवर बारीक तारेची जाळी किंवा खरखरीत पट्ट्या ठोकलेल्या असतात, काठीवाल्यांनी त्या आहेत का जरूर विचारावं. काठीच्या रबरी बुडाचं टोक झिजलेलं असेल तर घरून निघतानाच बदला. ट्रेकिंगची टोकदार काठी असेल तर टोकावर रबरी टोपी घाला, नाहीतर फटीत जातं.

आणि गेटची रुंदी विचारा. दुचाकी आत जाऊ नये म्हणून वाटेच्या तोंडाशी फिरतं फाटक किंवा लोखंडी खांब लावतात, आत सगळी वाट व्हीलचेअरची आणि फाटकातून खुर्ची जात नाही, हे सगळ्यात जास्त वेळा घडतं.

दोन_पोरांची_आई

फाटकाचं अगदी खरं! बाबागाडी उचलून पलीकडे दिलीये कितीदा. खुर्चीतला माणूस काय करणार.

पाणकणीस

डासांचं काय करता? बाबांना डास चावले की अंगावर गांधी उठतात.

गुडघेदुखी

सूर्योदयाच्या आधी आणि संध्याकाळी उजेड जाताना डास सगळ्यात जास्त. ऊन वर आल्यावर जा, वारा असलेला दिवस निवडा, मोकळ्या बांधावर वाऱ्यात डास टिकत नाहीत, झाडीतल्या फळ्यांवर मात्र असतात. पूर्ण बाह्यांचा सैल फिकट रंगाचा शर्ट, मोजे, आणि उघड्या अंगावर लावायचं औषध. आणि उलट बाजूने सांगते, पाणथळीत सावली नसते आणि पाण्यावरून ऊन परत अंगावर येतं, टोपी आणि प्यायचं पाणी विसरू नका. बाबांना तहान लागल्याचं कळेपर्यंत थांबू नका, थोडं थोडं देत राहा.

पाणकणीस

धन्यवाद काकू. शेवटचं एक, बाबांसाठी कदाचित बॅटरीवरची खुर्ची भाड्याने घेऊ, ती फळ्यांवर चालेल का?

चाकांवरून

चालते, पण खुर्ची आणि माणूस मिळून वजन दीडशे-दोनशे किलोच्या वर सहज जातं, त्यामुळे वाट किती भार घेते ते तिथल्या लोकांना विचारा, पक्क्या बांधलेल्या वाटेला सहसा प्रॉब्लेम नसतो, तात्पुरत्या टाकलेल्या फळ्यांवर नेऊ नका. वेग एकदम कमी ठेवा, फळ्यांवर वळताना चाक कडेच्या पट्टीला लागतं. खडीवर आणि गवतावर बॅटरी डांबरापेक्षा पटकन उतरते म्हणून जाताना अर्ध्याच्या खाली गेली की परत फिरायचं, पुढे कितीही चांगलं दिसत असलं तरी. आणि भाड्याने घेताना मोटरचा क्लच सोडून खुर्ची हाताने कशी ढकलायची ते दुकानातच करून बघा, बंद पडली तर तेच कामाला येतं.

पाणकणीस

ओके, क्लचचं बघतो. वाट ठरली की निळी_टाचणी यांनी सांगितलंय तसं पृष्ठभाग, रुंदी, चढ, आडवा उतार, बाकांमधलं अंतर, फाटक, सगळं मोजपट्टीने मोजून इथेच टाकेन, फोटोंसकट.

निळी_टाचणी

नक्की टाका. बसलेल्या उंचीवरून काढलेला एक फोटो पण हवा, कठड्याची दांडी कुठे येते ते दिसेल असा.